काळोखाची किंमत

ज्या वस्तूला बाजारात भाव नसतो, ती दुर्मिळ होत गेली तरी समाजाच्या ते लवकर ध्यानात येत नाही. धान्य महागले की वर्तमानपत्रांतून ओरड होते, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. परंतु विहिरीचे पाणी खोल जाते, टेकडीवरची झाडी विरळ होते, त्याची नोंद कोणत्याही भावपत्रकात होत नाही. रात्रीचा काळोख ही अशीच एक बिनभावाची वस्तू आहे. ती हरवत चालल्याचे ज्यांना सर्वांत आधी उमगते, त्यांत आपल्या मुलाला वा मुलीला बरोबर घेऊन ताऱ्यांचे छायाचित्र टिपावयास निघालेल्या आईबापांची गणना करावी लागेल.

हा छंद एके काळी श्रीमंती होता. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू येऊन गेला, तेव्हा मध्यमवर्गीय घरात कॅमेरा ही अपूर्वाईची वस्तू होती. छत्तीस चित्रांचा रोल जपून वापरावयाचा, तो धुऊन-छापून येईपर्यंत वाट पाहावयाची आणि अखेरीस हाती काळेकुट्ट कागद आले तर मुकाट्याने पैसे मोजावयाचे, असा तो व्यवहार असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू सायंकाळी पश्चिमेस दिसू लागला, तेव्हा अनेकांनी तो खिशातल्या मोबाइलनेच टिपला. आज शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरातील अनेक साध्या मोबाइल संचांना दहा-पंधरा सेकंदांचे चित्र घेता येते. ते तत्काळ दिसते, बिघडले तर पुसता येते आणि दुसऱ्या प्रयत्नास एक पैसाही पडत नाही. मात्र पूर्वी घराच्या गच्चीवर फुकट मिळणारा काळोख आता मोठ्या शहरातील रहिवाशाला पन्नास-शंभर किलोमीटर दूर जाऊन शोधावा लागतो. यंत्र स्वस्त झाले आणि त्या यंत्राने टिपावयाचा विषय महाग झाला, असा हा विचित्र व्यापार आहे.

या महागाईला आकड्यांचाही आधार आहे. २०११ ते २०२२ या काळात सामान्य नागरिकांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक निरीक्षणांवर आधारलेला एक अभ्यास २०२३ च्या आरंभी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कृत्रिम प्रकाशामुळे रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्के या वेगाने उजळत असल्याचे त्यात दिसून आले. चक्रवाढीचा हिशेब करणाऱ्यास याचा अर्थ सांगावयास नको. हा उजेड आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो. बालक जन्मास आले त्या वर्षी ज्या जागेवरून २५० तारे दिसत होते, तेथून ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा जेमतेम १०० दिसतील, असे त्या अभ्यासकांनीच उदाहरण दिले आहे. ही निरीक्षणे बहुशः युरोप व उत्तर अमेरिकेतील आहेत हे खरे. परंतु ज्या देशात रस्ते, वसाहती आणि वीज यांचा विस्तार अजून व्हावयाचा आहे, तेथे हा वेग कमी असेल असे मानून निर्धास्त राहण्यास काही आधार नाही.

साठवणीचे शास्त्र

मानवी डोळा आणि कॅमेरा यांतील भेद मुलाला समजावून सांगणे अवघड नाही. डोळा हातावर पोट असलेल्या मजुरासारखा असतो. पडलेला प्रकाश तो क्षणाच्या अंशात खर्ची टाकतो आणि पुन्हा नव्याने पाहू लागतो. कॅमेरा बचत करतो. पंधरा सेकंद शटर उघडे राहिले की पंधरा सेकंदांचा प्रकाश एकाच चित्रात जमा होतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते आणि डोळ्यांना न दिसलेले तारे चित्रात उमटतात. काळोखात काम करणाऱ्या डोळ्यांतील पेशींना रंग ओळखता येत नाहीत. त्यामुळे मृग नक्षत्रातील तेजोमेघ नुसत्या डोळ्यांना राखी धुरकट डागासारखा दिसतो, तर चांगल्या कॅमेऱ्यात त्याची गुलाबी छटा प्रकट होते.

चित्र घेण्याची कृती सोपी, परंतु शिस्तीची आहे. अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडावयाची. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यावर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस त्यास उत्तम. ट्रायपॉड नसेल तर दोन विटांच्या आधाराने मोबाइल पक्का बसवावयाचा. बटण दाबताना बसणारा धक्का चित्रात येऊ नये म्हणून दोन सेकंदांचा विलंब ठेवावयाचा. विजेरीच्या तोंडावर तांबडा कागद बांधावयाचा, कारण काळोखाला सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती सारी कमाई क्षणात बुडते. मुलाला अर्धा तास नुसते काळोखात बसविणे हा या साऱ्या विधीतील सर्वांत कठीण भाग असतो. बहुधा वडीलधाऱ्यांनाच तो अधिक कठीण जातो.

शटर किती वेळ उघडे ठेवावे, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी एक ठोकताळा आहे. भिंगाचे नाभीय अंतर जितके मिलिमीटर असेल, त्याने पाचशेला भागावयाचे. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला दहा सेकंद मिळतात. मोबाइलचे मुख्य भिंग सर्वसाधारणपणे सव्वीस मिलिमीटरच्या तोडीचे धरले तर सुमारे एकोणीस. त्याहून अधिक वेळ ठेवला की ताऱ्याचा टिपका लांबट होऊन रेघ दिसू लागते. आणि येथेच मुलाचा खरा प्रश्न उभा राहतो : ‘बाबा, कॅमेरा तर हलला नाही, मग तारा कसा हलला?’

हललेली असते ती पृथ्वी. ती तासाला पंधरा अंश, म्हणजे चार मिनिटांस एक अंश फिरते. पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश भरते. तेव्हा दर दोन मिनिटांस आकाश एका चंद्राइतके सरकते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे वाक्य प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवितो. परंतु आपल्या बिघडलेल्या चित्रात ते परिवलन मोजण्याची संधी किती विद्यार्थ्यांना मिळते? कॅमेरा उत्तरेकडे वळवून तासभर चित्रे घेतली आणि ती एकावर एक जोडली, तर सारे तारे ध्रुवाभोवती वर्तुळाच्या कमानी रेखताना दिसतात. मग ध्रुवाची उंची मोजावी. हात लांब करून धरलेली मूठ साधारणपणे दहा अंशांची असते. मुलाची मूठ लहान, पण हातही त्याच प्रमाणात आखूड, म्हणून हिशेब जुळतो. पुण्या-मुंबईकडे ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठींवर, गोव्यात दीड मुठीवर. ध्रुवाची ही उंची म्हणजेच त्या गावाचा अक्षांश. नकाशाच्या पुस्तकातील आडव्या रेघा आकाशातून उतरल्या आहेत, हे त्या रात्री मुलाला कळते.

इतिहासही याच चित्रात दडलेला असतो. कृत्तिकांचा पुंज सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. आज मोबाइलच्या काचेवर पडणारा त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा शिवछत्रपतींचा जन्म व्हावयाचा होता.

पंचांगातील मृग

मराठी माणसाला नक्षत्रांची नावे परकी नाहीत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृग लागतो आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावतो. तथापि मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो. त्यामुळे त्या दिवसांत ते नक्षत्र रात्री दिसतच नाही. ते पाहावयाचे असेल तर हिवाळ्याची रात्र हवी. मार्गशीर्ष महिन्याला त्याचे नाव मिळाले ते त्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो म्हणून. हरिणाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे लागलेला व्याध हे चित्र आपल्या आजी-आजोबांना अंगणातल्या बाजेवरून दिसत असे. नातवंडांना मृग ठाऊक आहे तो दिनदर्शिकेतला. ज्या नक्षत्राच्या आधारे लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा वेदकालनिर्णयाचा ग्रंथ सिद्ध केला, ते नक्षत्र टिळकांच्याच पुण्यात आज पुसट होऊन बसले आहे.

आकाशाच्या छायाचित्रणाची परंपराही या भूमीला नवी नाही. १८५० साली अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत अभिजित ताऱ्याचे छायाचित्र सुमारे शंभर सेकंदांत घेतले गेले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे ते पहिले छायाचित्र. १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघ टिपला, त्यास ५१ मिनिटे लागली. त्यानंतर आठच वर्षांनी, १८८८ मध्ये, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने वेधशाळा उभारली. वीस इंच व्यासाची तिची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी नायगमवाला यांनी आपली उपकरणे सोलापूरकडील जेऊर येथे नेली होती. १९१२ साली ही वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. संस्था गेली, पण हौस मेली नाही. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत १९८५ पासून खगोल मंडळ विद्यार्थ्यांना आकाश दाखवीत आले आहेत. खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमांनी वांगणीचे नाव शेकडो घरांत पोहोचविले.

या शास्त्रात लहानांचा वाटा लुटुपुटीचा असतो असे समजण्याचे कारण नाही. १९३० साली क्लाइड टॉमबॉ या चोवीस वर्षांच्या तरुणाने काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन छायाचित्रांची तुलना करून जागा बदललेला एक ठिपका शोधला. त्या ठिपक्याला प्लूटो हे नाव सुचविले ते ऑक्सफर्डमधील व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने, सकाळी न्याहारी करताना आजोबांशी बोलता बोलता. तिच्या आजोबांनी ती सूचना हसण्यावारी नेली नाही, हे यातील विशेष.

दीपस्तंभ आणि काळोख

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दीपस्तंभ दिला जातो. एका जहाजाने त्याचा उजेड वापरला म्हणून दुसऱ्याला तो कमी पडत नाही आणि पैसे न देणाऱ्या जहाजाला त्यापासून वंचितही ठेवता येत नाही. काळोखे आकाश या कसोटीला दीपस्तंभापेक्षाही अधिक उतरते. इंग्लंडमधील दीपस्तंभांचा खर्च बंदरात जहाजांकडून शुल्क घेऊन भागविला जात असे, हे रोनाल्ड कोझ यांनी १९७४ साली दाखवून दिले. आकाश पाहणाऱ्याकडून असे शुल्क घेणारे बंदर कोठेही नाही. आणि ज्या वस्तूचे मोल कोणी वसूल करीत नाही, तिचे रक्षणही कोणी करीत नाही. मंगल कार्यालयाचा मालक झाडांवर हॅलोजनचे झोत सोडतो, जाहिरातदार आपला फलक पहाटेपर्यंत पेटता ठेवतो. त्यांच्या वीजदेयकात शेजारच्या गच्चीवरून नाहीशा झालेल्या ताऱ्यांची रक्कम धरलेली नसते.

येथे एक जुना सिद्धांत आठवतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशासंबंधी लिहिताना दाखविले होते की, इंजिने काटकसरी झाली की कोळशाचा एकूण वापर कमी न होता वाढतो, कारण स्वस्त झालेली शक्ती माणूस अधिक ठिकाणी वापरू लागतो. दिव्यांचे तसेच झाले. एलईडी दिव्यांनी वीज वाचविली, हा त्यांचा मोठा गुण. केंद्र शासनाच्या २०१५ पासूनच्या योजनेत देशभरात रस्त्यांवर एक कोटीहून अधिक एलईडी दिवे लागले. परंतु उजेड स्वस्त होताच तो इमारतींच्या कडांवर, पुलांच्या कठड्यांवर आणि झाडांच्या बुंध्यांवरही चढला. शिवाय पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा अंश अधिक असतो आणि हवेत निळा प्रकाशच सर्वाधिक विखुरतो. त्यामुळे तेवढाच उजेड जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यापेक्षा आकाशाला अधिक झाकोळून टाकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार मानवजातीच्या एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा आपल्या राहत्या जागेवरून दिसतच नाही.

या साऱ्यातील अन्यायाची बाजू अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अधिक बारकाईने पाहावी. गच्चीवरचा काळोख सर्वांचा होता. तो नाहीसा झाला तेव्हा मोटार असणाऱ्याचे फारसे बिघडले नाही. तो शनिवारी भंडारदऱ्याला वा अन्य एखाद्या गिरिस्थानी जातो, निवासाचे भाडे देतो आणि मुलाला आकाशगंगा दाखवून आणतो. दिव्यांच्या गर्दीत दोन खोल्यांत राहणाऱ्या कारकुनाच्या मुलीला मात्र शेजारच्या फलकाखाली झोपावे लागते. जी वस्तू सार्वजनिक होती ती पेट्रोलच्या आणि भाड्याच्या रूपाने विकत घेण्याची झाली. मोबाइल तिच्याही घरी आहे. नाही तो त्याच्यासमोर धरण्याजोगा काळोख.

उजेडाचा हक्क

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो यावयासच हवा. ज्या देशात कित्येक वस्त्यांनी विजेसाठी पिढ्या काढल्या, तेथे अंधाराचे गोडवे गाणे ही सुखवस्तूंची चैन नव्हे काय? २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनाचे चटके सोसले. त्या रात्री गच्चीवर तारे दिसत हे खरे, पण खाली कंदिलाच्या उजेडात मुले परीक्षेचा अभ्यास करीत आणि शेतकरी रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी मोटारीपाशी जागत असे. दिवसपाळी संपवून एकटी घरी परतणाऱ्या स्त्रीला रस्त्यावरचा दिवा हा आधार असतो. त्यावर घाव घालणारी कोणतीही सूचना टिकणार नाही आणि टिकूही नये.

परंतु प्रश्न उजेड हवा की नको असा नाहीच. रस्त्यासाठी विकत घेतलेला उजेड रस्त्यावर पडतो की आकाशात जातो, एवढाच तो आहे. आभाळाकडे तोंड केलेल्या दिव्याचा उजेड कोणाच्याही पायाखाली पडत नाही. उलट डोळ्यांवर येणाऱ्या झगमगाटामुळे दिव्यापलीकडची सावली अधिक गडद होते आणि त्या सावलीत उभा असलेला माणूस दिसत नाही. दिव्याला वरून टोपण घालणे, त्याचे तोंड जमिनीकडे करणे, पिवळसर छटेचा दिवा निवडणे, शोभेचे दिवे मध्यरात्रीनंतर विझविणे, या चार उपायांत सुरक्षितता कमी होत नाही आणि वीज वाचते. नद्या शुद्ध करावयास अब्जावधी रुपये आणि अनेक वर्षे लागतात. हे प्रदूषण मात्र बटण दाबताच, त्याच क्षणी नाहीसे होते. इतक्या स्वस्तात दूर होणारे दुसरे प्रदूषण सांगता येणार नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या गावाने १९५८ सालीच आकाशात फिरणाऱ्या जाहिरातींच्या प्रकाशझोतांवर बंदी घातली. आपल्याकडे लडाखमधील हानले येथे २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र घोषित झाले. तेथील रहिवाशांनी आपल्या दिव्यांना आवर घातला आणि गावचेच तरुण-तरुणी आज प्रवाशांना दुर्बिणीतून आकाश दाखवितात. खुद्द महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळविण्यात आली. गावे काळोखात गेली नाहीत. त्यांचा उजेड तेवढा जागेवर आला.

तथापि अरण्यात एक राखीव आकाश ठेवून शहरे मोकळी सोडणे म्हणजे प्राणिसंग्रहालयात वाघ ठेवून जंगल तोडण्यासारखे होईल. नगरपालिकांनी दिव्यांची कंत्राटे काढताना टोपणाची आणि रंगाची अट घालावी, यास नवा पैसा लागत नाही. वर्षातून एखाद्या अमावास्येला शोभेचे व जाहिरातींचे दिवे दोन तास बंद ठेवावेत. रस्त्यांवरचे दिवे चालूच राहू द्यावेत. प्रत्येक शाळेने एक ट्रायपॉड घ्यावा आणि हिवाळ्यातील एक रात्र मैदानावर मुलांना व पालकांना एकत्र बोलवावे. भूगोल, गणित व विज्ञान या तिन्ही विषयांचे प्रात्यक्षिक एका रात्रीत होईल.

आणि हे सारे होईपर्यंत घराघरांतून एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. दरवर्षी मार्गशीर्षाच्या वा पौषाच्या अमावास्येला, त्याच गच्चीवरून, त्याच दिशेला, तोच मोबाइल तितकेच सेकंद उघडा ठेवून मुलाने वा मुलीने मृगाचे एक चित्र घ्यावे. हरिणाच्या चार पायांच्या चौकोनात किती तारे आले ते मोजून तारखेसह वहीत लिहावे. मृगाचे तारे मोजून आकाशाच्या उजेडाचा अंदाज घेण्याची हीच रीत २००६ पासून जगभरच्या नागरिकांनी अवलंबिली आहे आणि ‘सायन्स’मधील तो अभ्यास अशाच नोंदींतून उभा राहिला. पाचव्या वर्षी आकडा घटलेला दिसला तर त्या मुलाच्या हातात नगरपालिकेपुढे ठेवण्याजोगा पुरावा असेल. आकडा वाढलेला दिसला, तर त्या गावाने काही कमावले असे निःशंकपणे म्हणता येईल. आजवर काळोखाचा जमाखर्च कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला गेलेला नाही. दहा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या वहीत तो मांडला जाऊ लागला, तर तिच्या वडीलधाऱ्यांना तो तपासून पाहण्याची लाज वाटू नये.